दोन टर्बोच्या गाडीचं किमान बूस्ट लावताना: आधी मागचा पाइप

मागच्या ॲक्च्युएटरचा पाइप. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो, तो दाब म्हणजे बूस्ट. तो ठरल्या आकड्याला पोचला की ॲक्च्युएटर नावाचा डबा रॉड ढकलून वेस्टगेट उघडतो, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोच्या टर्बाइनला (एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाला) वगळून सोडणारी झडप. यादी इथूनच सुरू करतो, कारण गेल्या उन्हाळ्यात मी बाकी सगळं केलं आणि नेमका तोच पाइप क्लॅम्पशिवाय सोडला. सहा सिलिंडर एका ओळीत, दोन्ही टर्बो एकाच बाजूला, मागचा पार फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) चिकटलेला. तिथं हात जातो, नजर जात नाही. पाइप ॲक्च्युएटरच्या निपलवर (पाइप बसायच्या नळीवर) ढकलला, बसल्यासारखा वाटला, बोनेट लावलं. तरसोद फाट्यापुढे तिसऱ्या गिअरला पाय दाबला आणि शेजारी बसलेला पोरगा ओरडला, "भाऊ, काटा वर जाई ऱ्हायना!" (वर चाललाय!) ०.५ बारला थांबायचा काटा १ ओलांडून गेला. खडखड ऐकून पाय काढला, पण उशीर झाला होता. एका पिस्टनची रिंगांमधली कड तुटली. इंजिन उतरवावं लागलं, आणि गाडी माझी नव्हती.

पाइप निघाला की त्या ॲक्च्युएटरपर्यंत दाब पोचतच नाही. त्याचा वेस्टगेट बंद राहतो, एक्झॉस्टचा लोंढा त्या टर्बाइनवर जातो, आणि पुढचा वेस्टगेट पूर्ण उघडला तरी एकट्याला आवरत नाही. आपला हात बसलेला असतो ट्रॅक्टर-पिकअपच्या डिझेल टर्बोवर. डिझेल थोडं जास्तीचं बूस्ट पचवून घेतं. पेट्रोल नॉकिंग करतं (मिश्रण आपसूक धडाक्याने पेटून खडखडतं) आणि पिस्टन खातं. निसानच्या आरबी२६ सारख्या जपानी इंजिनात तर कंपनीच्या टर्बाइनची चाकं सिरॅमिकची असतात, ती जास्त बूस्टला तुटतात.

ऑइल, कूलंट, प्लग हे सांगायला नको. पेट्रोल मात्र कंपनीने सांगितलेल्या ऑक्टेनचंच भरा. सामान असं काढून ठेवा: ० ते २ बारचं मीटर असलेला हातपंप, डायल गेज (रॉडची बारीक हालचाल दाखवणारा), टी (तीन तोंडांचा जोड), नवा पाइप, आणि प्रत्येक जोडाला एक क्लॅम्प, मोजून. रॉडच्या टोकाच्या बारीक क्लिपाही दोन जास्त ठेवा. उडाली की खालच्या ट्रेमध्ये सापडत नाही, आणि तारेने बांधून चालत नाही.

मग बूस्ट सोलेनॉइड (ॲक्च्युएटरकडे जाणारा दाब कमी करणारा विजेचा व्हॉल्व्ह) बाजूला काढा. काही जण तो जागेवर ठेवूनच मोजतात आणि दिवसभर चुकीच्या आकड्यामागे धावतात. किमान बूस्ट ठरतं ॲक्च्युएटरच्या स्प्रिंगवर. सोलेनॉइड किंवा कंट्रोलर त्याच्या वरच चढवू शकतो, खाली आणू शकत नाही. म्हणून कॉम्प्रेसरच्या तोंडाकडून थेट टी, आणि टीपासून दोन्ही ॲक्च्युएटर. दोन्ही पाइप सारख्या लांबीचे ठेवा. मागच्याला क्लॅम्प. आत्ताच लावा, नंतर लावू म्हणू नका.

खरं काम रॉडचं आहे, तिथं घाई करू नका. इंजिन थंड हवं. क्लिप काढून रॉड वेस्टगेटच्या पिनवरून सोडवा. वेस्टगेट हाताने बंद धरला की रॉडचं भोक पिनच्या १ ते २ मिमी अलीकडे राहायला हवं, म्हणजे ओढून बसवावं लागेल. तोच त्याचा ताण. रॉड आखूड केला की बूस्ट वाढतं, लांब केला की कमी होतं. एका वेळी अर्धाच आटा फिरवा. टोक पिनवर असताना रॉड कधीच फिरवू नका, आतला पडदा पिळला जातो. आता पंपाने सावकाश दाब द्या आणि डायल गेजचा काटा हलेल तेव्हाचा पंपावरचा आकडा लिहा. दुसऱ्याचाही लिहा. दोघांत ०.०२ बारपेक्षा जास्त फरक मी ठेवत नाही. फरक राहिला तर एक टर्बो राबतो आणि दुसरा आरामात फिरतो, मीटरवर मात्र एकच आकडा दिसतो. जमलं की चेकनट आवळा आणि पुन्हा मोजा, आवळतानाही आकडा सरकतो.

आता परत मागचा पाइप. निपलवर तेलाचा थर असतो, तो स्पिरिटने पुसा. जुना पाइप वापरणार असाल तर कडक झालेलं तोंड १ सेंमी कापून टाका. क्लॅम्पचा स्क्रू दिसेल अशा बाजूला ठेवा. टीमधून ०.४ बार दाब भरा आणि एक मिनिट थांबा. काटा उतरला तर कुठेतरी गळती आहे, सापडेपर्यंत गाडी सुरू करायची नाही. मग दाब थोडा वाढवत न्या आणि दोन्ही रॉड एकदमच हलतात का ते बघा. मागचा दिसत नसेल तर मोबाइल खाली सरकवून व्हिडिओ काढा. "दाब टिकला म्हणजे झालं" असं नाही, पाइप हाताने जोरात ओढूनही बघा. मी ओढला असता तर तो तिथंच हातात आला असता.

ट्रायल पहाटे घ्या. मे महिन्यात दुपारी जळगावात पारा ४४ च्या पुढेही जातो, गरम हवेत नॉकिंग लवकर होतं. भुसावळ रोडला केळीचे ट्रक असतील तर थांबा. काटा बघायला दुसरा माणूस हवाच. तिसरा गिअर, २५०० ते ४५०० आरपीएम. ठरलेल्या आकड्यावर ०.१ चढला की पाय काढा. आरपीएमबरोबर चढतच गेला तर रॉडला हात लावू नका, वेस्टगेटचं तोंड अपुरं पडत असेल.

एक फेरी झाली की बाजूला थांबा, बोनेट उघडा, हात घाला, मागचा क्लॅम्प चाचपा. सोलेनॉइड जोडताना तो पाइप पुन्हा निघणार आहे, तेव्हा पुन्हा क्लॅम्प, पुन्हा ओढून बघणं.