हाउंड आणि ग्रेहाउंडच्या क्रॉसमधून सगळी कामं करणारा लर्चर कसा तयार करायचा

जतकडच्या आमच्या वस्तीवर कायम एकदोन कारवानी असायचे, त्यामुळे लांब पायाचं, पोट आत गेलेलं कुत्रं दिसलं की मी अजूनही थांबून बघतो. इकडे इंग्लंडमधे नॉर्थ यॉर्कशायरला आल्यावर एका शेतकऱ्याच्या जीपमधे तसंच एक बसलेलं दिसलं, पण तोंडावर राठ दाढी, अंगावर तारेसारखे केस आणि नजर एकदम हुशार. ग्रेहाउंड का म्हणून विचारलं तर म्हणाला लर्चर. तेव्हापासून लर्चर हाच माझा विषय झालाय, आणि आपल्याकडची बरीच मुलं मला विचारतात की हे नेमकं कसं करतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आधी नावं क्लिअर करू. ग्रेहाउंड, व्हिपेट, सालुकी, डीअरहाउंड ही नजरेवर धावणारी कुत्री, आपला कारवानी पण त्यातलाच. फॉक्सहाउंड, हॅरियर, बीगल ही नाकावर चालणारी, माग काढणारी, पुढे नुसतं हाउंड म्हणेन ते यांनाच. नजरेवाल्याला नजरेवालाच लावला, म्हणजे ग्रेहाउंडला सालुकी वगैरे, तर इकडे त्याला लाँगडॉग म्हणतात, लर्चर नाही. लर्चर म्हणजे नजरेवालं कुत्रं अधिक दुसरं कुठलंतरी कामाचं कुत्रं, बहुतेक वेळा मेंढरं वळणारी कॉली किंवा बिळात घुसणारा टेरियर, आणि क्वचित हाउंड. ब्रिटन आणि आयर्लंडमधे हे गरिबाचं कुत्रं होतं, जमीनदाराच्या रानात रात्री चोरून ससा मारणाऱ्याचं, जिप्सी लोकांच्या गाडीखाली बांधलेलं. याला ठरलेली जात नाही, जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबचं पेडिग्री म्हणजे वंशावळ नाही, फक्त काम बघून जोडी लावायची, आणि मला नेमकं तेच आवडतं.

काम आधी ठरवा, कुत्रं नंतर

बहुतेक लोक इथंच चुकतात. भारी दिसणारी दोन कुत्री असतात, म्हणून लावून टाकतात. तुम्हाला कुत्र्याकडून काय हवंय ते कागदावर लिहा. इकडच्या शेतात मुख्य काम सशांचं असतं, कारण रानससे बार्लीच्या कडेकडेनं सगळं कोवळं पीक खाऊन टाकतात आणि बिळं करून बांध पोखरतात. त्यामुळे ऑलराउंड कुत्रं म्हणजे ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीत ससा आहे का ते नाकानं सांगणारं, त्याला बाहेर काढणारं, उघड्यावर पळून पकडणारं, आणि जिवंत तोंडात धरून मालकाच्या हातात आणून देणारं. वर मेंढरात शिरलं तर मान वर न करणारं.

नुसत्या ग्रेहाउंडकडे यातलं एकच आहे, वेग. तो ताशी 60 किलोमीटरच्या वर पळतो पण थोडा वेळच, कातडी इतकी पातळ की काटेरी तारेला नुसतं घासलं तरी टाके पडतात, आणि ससा जाळीत घुसला की त्याच्या दृष्टीनं ससा संपला, तो तिथंच उभा राहून बघत बसतो. हाउंडचं उलट. नाक जबरदस्त, दिवसभर चालायचा दम, फॉक्सहाउंडचे पंजे तर घट्ट आणि गोल, दगडातून कितीही पळवा. पण तो वेगात कमी, आणि नाक एकदा जमिनीला लागलं की तुमची शिट्टी त्याच्या कानात शिरतच नाही.

आणि सगळ्यात मोठी भानगड म्हणजे आवाज. हाउंडला माग लागला की तो ओरडणार, पिढ्यानपिढ्या त्यासाठीच वाढवलाय, टोळीला आणि घोडेस्वाराला कळावं म्हणून. लर्चर मात्र मुका पाहिजे. एक भुंकला की अख्ख्या रानातले ससे बिळात, तुमची संध्याकाळ तिथंच संपली. मी ज्यांच्याबरोबर पहिलं वेत काढलं त्यांनी ग्रेहाउंड कुत्रीला बीगल लावला होता, पिल्लं दिसायला देखणी, नाक एक नंबर, पण सहापैकी चार पिल्लं वास आला की गळा काढायची. पिल्लांचा काही दोष नाही, रक्तच तसं, पण कामाला ती उपयोगी पडली नाहीत आणि त्यांना घरं शोधताना आमचा जीव गेला. म्हणून माझं ठाम मत आहे की हाउंडचं रक्त पावपट ठेवा, त्याच्या वर नको.

जोडणीचा हिशोब

पावपट कसं आणायचं? दोन पिढ्या लागतात, शॉर्टकट नाही.

पहिल्या पिढीत ग्रेहाउंड मादी आणि हाउंड नर. मादी मोठी आणि नर लहान किंवा बरोबरीचा ठेवा, म्हणजे बाळंतपण अडायचा धोका कमी. मला विचाराल तर बीगलपेक्षा हॅरियर किंवा छोट्या बांध्याचा फॉक्सहाउंड बरा, पाय लांब असतात त्यामुळे पिल्लं बुटकी होत नाहीत. फक्त फॉक्सहाउंड टोळीत वाढलेले असतात, घरात राहायची सवय नसते, म्हणून माणसात मोकळा वागणारा नर शोधा. यातून निघाली अर्धीअर्धी पिल्लं. ती एकमेकांसारखी दिसतात बऱ्यापैकी, आणि म्हणूनच लोक फसतात, त्यांना वाटतं याच भावंडांसारखी दोन कुत्री परत लावली की तसाच माल निघेल. नाही निघत. पुढच्या पिढीत सगळं विस्कटतं, एक पिल्लू ग्रेहाउंड, एक हाउंड, एक मधलंच काहीतरी.

दुसऱ्या पिढीत त्या वेतातली सगळ्यात शांत, माणसाळलेली, माग काढताना तोंड न उघडणारी मादी निवडा आणि तिला कॉलीचं रक्त असलेला लर्चर नर लावा, म्हणजे तीनपाव ग्रेहाउंड आणि पाव बॉर्डर कॉली असा. हिशोब केला तर पिल्लांत पाच अष्टमांश ग्रेहाउंड, पाव हाउंड आणि एक अष्टमांश कॉली येते. ही थोडी कॉलीच मला फार महत्त्वाची वाटते, कारण हाकेला येणं, वस्तू आणून देणं, तुमच्या चेहऱ्याकडे बघून काम करणं, हे ना ग्रेहाउंडकडे आहे ना हाउंडकडे. कागदावर पाव असलं तरी प्रत्येक पिल्लात ते नेमकं तेवढंच उतरेल असं नाही, म्हणून शेवटी निवड डोळ्यानंच करावी लागते.

मादी दोन वर्षांची व्हायची वाट बघणं, तिला एक पूर्ण सीझन कामावर बघणं, मग वेत, मग पिल्लं मोठी होणं असं धरलं तर हा चारपाच वर्षांचा कार्यक्रम आहे. एवढा दम नसेल तर कुणाचंतरी चांगलं लर्चर पिल्लू घ्या किंवा शेल्टरमधून आणा, इकडची शेल्टरं लर्चर आणि रिटायर झालेल्या ग्रेहाउंडनी भरलेली असतात, त्यात खरंच रत्नं सापडतात.

लावायच्या आधी डॉक्टर

दोघांची पूर्ण तपासणी करा. हृदय, डोळे, सांधे, दात, आणि ब्रुसेला कॅनिसची रक्ततपासणी, कारण तो संसर्ग गर्भ पाडतो आणि माणसालाही होऊ शकतो. नात्यात कॉली असेल तर एमडीआर1 या जीनमधल्या दोषाची टेस्ट कराच, गालाच्या आतून काडी फिरवून सॅम्पल घेतात. तो दोष असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिनसारखी औषधं जास्त डोसमधे जिवावर बेततात. ग्रेहाउंडच्या बाजूनं हाडाचा कॅन्सर बघा, आईबापांच्या घरात कुणाला झाला होता का ते स्पष्ट विचारा, लाजू नका. आणि ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरला कुत्रं ग्रेहाउंडच्या रक्ताचं आहे हे आधी सांगा, अंगावर चरबी नसल्यानं आणि काही भुलीची औषधं शरीरातून हळू उतरत असल्यानं डोस वेगळा ठरवावा लागतो. शर्यतीतून आलेल्या मादीला माज दाबायची औषधं दिलेली असू शकतात, तिचा माज नियमित व्हायला वेळ लागतो, घाई करू नका.

माज, जोडणी, बाळंतपण

नजरेवाल्या कुत्र्या बऱ्याचदा वर्षातून एकदाच माजावर येतात, त्यामुळे संधी हुकली की वर्ष गेलं. रक्त दिसल्यापासून साधारण 9 ते 12 दिवसांनी मादी नरासाठी उभी राहते असं म्हणतात पण प्रत्येकीचं वेगळं, म्हणून बीज कधी सुटतं ते कळायला प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची टेस्ट करून घेतलेली बरी. बीज सुटल्यावर दोन दिवसांनी लावा आणि 48 तासांनी परत एकदा. दोघं अडकली की 10 ते 30 मिनिटं तशीच राहू द्या, ओढाताण करायची नाही, मादीच्या डोक्याशी बसून तिला धरून ठेवा.

गर्भ साधारण 63 दिवसांचा. 28 दिवसांच्या आसपास सोनोग्राफी, 55 दिवसांनंतर एक्सरे काढला की पिल्लं मोजता येतात, आणि ते मोजणं फार कामाचं कारण व्याल्यावर एखादं आत राहिलं का ते कळतं. शेवटचे तीन आठवडे खाणं हळूहळू वाढवा. व्यायच्या आधी मादीचं टेंपरेचर 37 डिग्री सेल्सिअसच्या खाली घसरतं, तिथून एका दिवसात सुरू होतं. जोरात कळा येताहेत आणि अर्धा तास झाला तरी काही नाही, किंवा आत पिल्लं असताना दोन तास गॅप पडला, तर डॉक्टरला फोन. बघू सकाळी असं करू नका.

ग्रेहाउंडच्या अंगावर चरबी नाही त्यामुळे पिल्लांना ऊब लागते, पहिला आठवडा पेटीत 30 डिग्रीच्या आसपास ठेवा, एका कोपऱ्यात थंड जागा राहू द्या म्हणजे आईला हवं तेव्हा सरकता येतं. रोज वजन करा. दुसऱ्या आठवड्यापासून जंताचं औषध, दर पंधरा दिवसांनी.

कायदा

इंग्लंड आणि वेल्समधे हंटिंग अॅक्ट 2004 हा 18 फेब्रुवारी 2005 पासून लागू आहे, कुत्र्यांनी हेअर म्हणजे मोठा ससा, हरिण किंवा कोल्ह्याची शिकार करणं बंद. रॅबिट म्हणजे बिळात राहणारा छोटा ससा आणि उंदीर चालतात, पण जमीन तुमची पाहिजे किंवा जमीनवाल्याची परवानगी. मी परवानगी कायम लेखी घेतो. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे आणि 2023 पासून तिथं रॅबिटसुद्धा त्यात येतात. हेअरमागं कुत्री सोडणाऱ्यांची कुत्री जप्त होतात, 2022 पासून शिक्षा आणखी कडक झाली. इंग्लंडमधे पिल्लाला 8 आठवड्यांच्या आत मायक्रोचिप लागते, लायसन्सवाल्या ब्रीडरला 8 आठवड्यांआधी पिल्लू आईपासून तोडता येत नाही, आणि वर्षात 3 वेतं काढली किंवा धंदा म्हणून विकली तर कौन्सिलचं लायसन्स पाहिजे.

आणि हे गावाकडच्या मुलांसाठी खास. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली ससासुद्धा मारता येत नाही, कुत्र्यानं मारला तरी गुन्हा तुमचाच. दुसरं म्हणजे हा लेख वाचून कारवानीला ग्रेहाउंड लावू नका रे. शर्यतीत थोडा वेग वाढावा म्हणून आपल्याकडे ते सर्रास चाललंय आणि त्यात चांगला वाण पातळ होत चाललाय. ग्रेहाउंड जगात भरपूर आहेत, कारवानी फक्त आपल्या या पट्ट्यात आहे, उन्हात, मुरमाड रानात, भाकरी आणि ताकावर टिकणारा. त्याला त्याच्यातलाच चांगला नर बघून लावा. लर्चर हा मुळातच क्रॉस आहे, तिथं हरवायला काही नाही, कारवानीत आहे.

पिल्लं वाढवणं आणि निवडणं

लावायच्या आधीच प्रत्येक पिल्लाचं घर नक्की पाहिजे. आठदहा पिल्लं होतात, दोन घरं हातात घेऊन सुरुवात करू नका.

3 ते 12 आठवडे हा काळ सोन्याचा. याच वयात ट्रॅक्टर, लहान मुलं, कोंबड्या, मांजर सगळं दाखवा, आणि मेंढरं तर पट्ट्यावर धरून रोज. मेंढराकडे बघून कान ताठ केले की शांतपणे फिरवून न्यायचं, दुर्लक्ष केलं की बक्षीस. इकडे मेंढरामागं लागलेल्या कुत्र्याला शेतकरी गोळी घालू शकतो, आणि हाउंडचं नाक असलेलं कुत्रं कोकराच्या वासानं चटकन वेडं होतं, म्हणून यात ढिलाई केलेली मला अजिबात चालत नाही.

नाक बघायचं असेल तर दहाव्या आठवड्यात सशाचं कातडं दोरीला बांधून गवतातून ओढा, पिल्लाला दिसू न देता. कोण डोकं खाली घालून माग धरतं, कोण वर बघत राहतं आणि कोण तोंड उघडतं, हे वहीत लिहून ठेवा. तेच पिल्लू परत तुमच्याकडे बघायला वळतं का तेही लिहा. मी कायम ते वळणारं ठेवतो, माग थोडा हुकला तरी चालेल.

वर्षाच्या आत जोरात पळवायचं नाही, उड्या नाहीत, लांब पायांची हाडं पक्की व्हायला वेळ लागतो आणि एकदा मनगट गेलं की ते कुत्रं कामातून गेलं. बारा-चौदा महिन्यांनी एका ओलसर, वारा पडलेल्या संध्याकाळी एकट्याला घेऊन जाळीपाशी जा, दुसरं कुत्रं बरोबर नको, नाहीतर तो त्याची नक्कल करतो आणि त्याचं स्वतःचं काय ते कळतच नाही. त्याला आत जाऊ द्या, गप्प उभे राहा, आणि कान देऊन ऐका. माझ्या आत्ताच्या कुत्रीनं पहिल्या दिवशी जाळीत पाच मिनिटं काढली, आतून फक्त पानांची खसखस, एक शब्द नाही, आणि मग ससा माझ्या पायाजवळून गेला आणि ती त्याच्या मागं. पकडला नाही तिनं. मी घरी येऊन वहीत तिच्या नावासमोर लिहिलं, मुकी, नाक चांगलं, हाकेला आली, आणि त्याच रात्री तिच्या भावंडांच्या मालकांना फोन लावून विचारलं की तुमची कशी निघाली.