जुनी जॅग्वार कूपे पाहायला निघण्यापूर्वी

कोल्हापुरातून मुंबईला किंवा पुण्याला एखादी जॅग्वार ई-टाइप कूपे (बंद छपराची, दोन दारांची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) पाहायला जायचे ठरले, की टॉर्च, चुंबक आणि जमिनीवर अंथरायला जुनी सतरंजी प्रत्येक जण आठवणीने घेतो, म्हणून त्यांविषयी काही लिहीत नाही. हमखास राहते ते वेगळेच सामान: पितळी तारांचा मऊ ब्रश, थोडे थिनर, चिंध्या, पारदर्शक चिकटपट्टी आणि मऊ शिशाची पेन्सिल. आरटीओच्या कामासाठी चासी नंबरची पेन्सिल प्रिंट काढतात, तशीच प्रिंट आपल्याला स्वतःच्या हाताने काढायची आहे. मागच्या वेळी मी हे सामान नेले नव्हते. इंजिनाजवळच्या पट्टीवरचा क्रमांक आरसी बुकाशी जुळला, एवढ्यावर मी बयाणा दिला. फ्रेमवर पंच केलेला क्रमांक ग्रीसच्या थराखाली न वाचताच राहिला, आणि तो दुसऱ्याच गाडीचा निघाला. म्हणून पुढचे सगळे विसरलात तरी चालेल, परंतु धातूत पंच केलेला क्रमांक वाचल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

निघण्यापूर्वी क्रमांकांचा अभ्यास घरीच करावा, कारण विक्रेत्यासमोर उभे राहून पुस्तक उघडण्याइतकी सवड मिळत नाही. ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम आली. ३.८ लिटर इंजिनाच्या कूपेचे चासी क्रमांक उजव्या हाताच्या स्टिअरिंगसाठी ८६०००१ पासून आणि डाव्या हाताच्या स्टिअरिंगसाठी ८८५००१ पासून सुरू होतात. १९६४ मध्ये ४.२ लिटर इंजिन आले, तेव्हा हीच मालिका अनुक्रमे १ई२०००१ आणि १ई३०००१ पासून नव्याने सुरू झाली. ३.८ च्या इंजिन क्रमांकाआधी ‘आर’ असतो आणि ‘सिरीज वन’ या पहिल्या आवृत्तीतील ४.२ च्या इंजिन क्रमांकाआधी ‘७ई’ असतो. ही अक्षरे पाठच करून जावीत, कारण हेच एक्सके इंजिन, थोड्याफार फरकाने, जॅग्वारच्या मोठ्या सेडान गाड्यांतही होते. तिकडून काढून बसवलेले इंजिन बाहेरून पाहता चटकन ओळखू येत नाही, क्रमांकाआधीची अक्षरे मात्र ते उघड करतात.

आता क्रमांक कोठे शोधायचे ते सांगतो, आणि घाई न करता सांगतो, कारण सगळा व्यवहार येथेच ठरतो. चासी क्रमांक पुढच्या नळ्यांच्या फ्रेमच्या आडव्या भागावर, उजव्या बाजूच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या वरच्या जोडापाशी पंच केलेला असतो. इंजिन क्रमांक ब्लॉकच्या उजव्या अंगाला ऑइल फिल्टरच्या वर असतो, आणि सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाशी तो पुन्हा असतो. गिअरबॉक्सचा क्रमांक त्याच्या कवचावर असतो. इंजिनाजवळ रिव्हेट केलेल्या पट्टीवर चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स असे चारही क्रमांक एकत्र दिसतात. ते वाचून समाधान वाटते, आणि नेमके तेच घातक आहे. पट्टी नवी विकत मिळते, रिव्हेट नवे मिळतात. पंच केलेल्या जागेवरचा रंग आणि ग्रीस थिनरने काढा, ब्रश हलक्या हाताने फिरवा, चिकटपट्टी लावून पेन्सिल घासा, आणि प्रत्येक क्रमांकाची प्रिंट त्याच क्षणी वहीत चिकटवा. विक्रेता साफ करू देत नसेल, तर चहासुद्धा न घेता परत या.

क्रमांक नुसता जुळून भागत नाही, त्याच्या भोवतीचा धातूही वाचावा लागतो. कारखान्यात अंक हाताने एकेक करून पंच केलेले असल्याने ते ओळीत थोडे वरखाली असतात. फार सरळ आणि सारख्या खोलीचे अंक, भोवती ग्राइंडरच्या खुणा किंवा आजूबाजूपेक्षा पातळ झालेला पृष्ठभाग दिसला, तर थांबावे. आपल्या कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या उद्यमनगरात लोखंडावर कोणते काम होऊ शकत नाही? तेथील कारागिरांच्या हाताला तोड नाही, आणि म्हणूनच क्रमांक पंच करण्याच्या कामाचा एखादा जाणता माणूस बरोबर न्यावा. खोटे पंचिंग त्याला आपल्या आधी दिसते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ई-टाइपची पुढची फ्रेम मुख्य बॉडीला बोल्टांनी जोडलेली असते, त्यामुळे अपघातानंतर ती बदलली गेली असेल, तर क्रमांकाची जागा कोरी किंवा क्रमांक नंतर घातलेला असू शकतो. त्याची जुनी बिले आणि फोटो असतील, तर ती लबाडी नव्हे. किंमत मात्र कमी झालीच पाहिजे.

प्रिंट हातात आल्यावर जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टचे प्रमाणपत्र मागवावे. गाडी केव्हा बनली, मूळ रंग आणि आतली सजावट कोणती, ती कोणत्या वितरकाकडे रवाना झाली आणि तेव्हाचे क्रमांक कोणते होते, हे त्यात कारखान्याच्या नोंदींवरून लिहिलेले असते. गाडी विक्रेत्याच्या नावावर असतानाच त्याच्यामार्फत ते मागवावे आणि ते हाती येईपर्यंत बयाणा देऊ नये. ‘दुसरे गिऱ्हाईक उद्या येणार आहे’ असे ऐकवले जाईल, येऊ द्यावे. कागदावरचे क्रमांक पट्टीशी ताडण्यात अर्थ नाही, ते वहीतल्या पेन्सिल प्रिंटशीच ताडावेत.

मूळपणाच्या बाकीच्या खुणा पाहताना सर्वांत आधी व्हीलबेस मोजावा. दोन आसनी कूपेचा तो ९६ इंच असतो. १९६६ मध्ये आलेल्या टू प्लस टूचा, म्हणजे मागे दोन छोटी आसने असलेल्या लांब कूपेचा, १०५ इंच असतो आणि तिला भाव कमी येतो. १९६१ च्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांवर बॉनेटची कुलुपे बाहेर होती, आणि १९६२ च्या सुरुवातीपर्यंत तळ सपाट होता. या दोन गोष्टींनी किंमत बरीच चढते, त्यामुळे त्या नंतर करवूनही घेतल्या जातात. चासी क्रमांक त्या काळाचा नसेल, तर त्या पाहून हुरळून जाऊ नये. हेडलाइटवरची काच १९६७ मध्ये गेली, तरी नंतरच्या गाड्यांना ती बसवलेली सर्रास आढळते. ३.८ मध्ये मॉस गिअरबॉक्स असून पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर खडखडाट न होता पडावा यासाठीची रचना) नसतो, तर ४.२ मध्ये चारही पुढच्या गिअरना तो असतो. माझ्या मते मूळ रंगातली, थोडी झिजलेली गाडी नव्या चकचकीत रंगाच्या गाडीपेक्षा अधिक किमतीची आहे, कारण झीज भरून काढता येते, मूळपणा मात्र पुन्हा आणता येत नाही.

पत्रा पाहताना चुंबक दारांखालच्या उंबऱ्यांवर, मागच्या चाकांपुढच्या भागावर आणि तळावर फिरवावा. जेथे तो पकड सोडतो तेथे लांबी (पुट्टी) भरलेली असते. या गाडीचे उंबरे दिखाऊ नाहीत, ते भार पेलतात, त्यामुळे कुजलेला उंबरा हा मोठा खर्च आहे. पुढच्या फ्रेमच्या नळ्या आतून गंजतात आणि वरून निरोगी दिसतात. गाडी कोल्हापुरातच, शाहूपुरी किंवा नागाळा पार्काच्या बाजूला उभी राहिलेली असेल, तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात ती कोठे होती हे थेट विचारावे आणि उंबऱ्यांच्या पोकळीत, सीटखाली, डॅशबोर्डमागे गाळाची रेघ शोधावी. पुरात बुडालेल्या गाडीचे वायरिंग आज चालले म्हणून उद्या चालेल असे नाही.

यांत्रिक तपासणी मिस्त्रीवर सोपवावी: इंजिन तापल्यावर मिनिटाला ३००० फेऱ्यांना तेलाचा दाब सुमारे ४० पौंड असावा, सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे, आणि मागचे ब्रेक डिफरन्शियलला लागून आत असल्याने तेथील तेलगळती पडताळावी.

कागद तपासताना आयातीचा पुरावा मागावा. त्या काळात परदेशी गाड्या बऱ्याचदा वकिलातींकडून स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात; ती कागदपत्रे किंवा कस्टमची बिल ऑफ एंट्री नसेल, तर भाव कितीही उतरला तरी नको म्हणावे. मालकांची साखळी सलग असावी. दसऱ्याला दसरा चौकात येणाऱ्या छत्रपती घराण्याच्या जुन्या मायबाख मोटारीला जो मान आहे, त्यात तिचा इतिहास अखंड माहीत असण्याचा वाटा मोठा आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल केलेली गाडी मात्र त्यात बसत नाही, म्हणजे प्रश्न पुन्हा पंच केलेल्या क्रमांकाशीच येतो.

किंमत ठरवताना परदेशी लिलावांचे आकडे रुपयांत बदलून घेऊ नयेत. दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्यावा, तो वजा करावा, आणि जुळणाऱ्या क्रमांकांचे जादा पैसे प्रिंट जुळल्यावरच मोजावेत. विमा कंपनीशी आधीच ठरवलेल्या किमतीवर विमा घ्यावा. गाडी फ्लॅटबेडवरूनच आणावी, आणि तेल, कूलंट व ब्रेकचे होज बदलेपर्यंत रस्त्यावर काढू नये.