मोटारसायकलचे हँडल किती आणि कसे उंच करावे

रोज पन्नास-साठ किलोमीटर मोटारसायकल चालवणाऱ्या माणसाची मनगटे, खांदे आणि मान दुखू लागली की तो आधी मलम आणतो, मग सीटवर जाड गादी बसवून घेतो, आणि हँडलकडे त्याचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा-आर्णीकडच्या रस्त्यांवर मी गेली अकरा वर्षे शंभर सीसीची गाडी चालवत आहे, आणि माझ्याही बाबतीत असेच झाले. एकच गाडी सव्वापाच फुटांच्या माणसासाठी आणि सहा फुटांच्या माणसासाठी बनते, त्यामुळे उंच माणसाला हँडलपर्यंत पोहोचण्यासाठी पुढे वाकावे लागते, धडाचा भार तळहातांवर येतो आणि अर्ध्या तासात बोटे बधिर होऊ लागतात. शिवाय पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून जाताना आपण फूटरेस्टवर उभे राहतो, तेव्हा खाली असलेले हँडल कंबर अक्षरशः दुमडायला लावते.

तरीही हँडल उंच करण्याआधी दुखणे नेमके कोठे आहे हे पाहावे. तळहात बधिर होत असतील, खांदे आणि मान अवघडत असेल, तर हँडल उंच केल्याने आराम मिळण्याची शक्यता चांगली आहे. दुखणे माकडहाडाशी आणि कमरेच्या खालच्या भागात असेल तर मात्र हँडल आणखी वर नेल्याने ते वाढू शकते, कारण पाठ पूर्ण ताठ झाली की खड्ड्याचा दणका थेट मणक्यातून वर चढतो. थोडे पुढे झुकलेले शरीर तो दणका कंबर आणि हात यांच्यात वाटून घेते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की साध्या गाडीवर २० ते ३० मिलिमीटर वाढ पुरेशी असते, आणि त्यापलीकडे जाण्याचा मोह टाळावा.

आपल्याला किती वाढ हवी ते मोजता येते. गाडी सपाट अंगणात मधल्या स्टँडवर उभी करावी, नेहमीप्रमाणे हेल्मेट घालून आणि रोज पाठीवर बॅग किंवा फवारणीचा पंप असेल तर तोही घेऊन बसावे, पाय फूटरेस्टवर ठेवावेत, डोळे मिटून खांदे सैल सोडावेत आणि कोपर किंचित वाकवून हात जेथे सहज येतील तेथे धरावेत. दुसऱ्या कोणीतरी तळहात आणि ग्रिप यांतील अंतर टेपने मोजावे, वरचे वेगळे आणि मागचे वेगळे. असे तीनदा करून सरासरी काढावी. मागचे माप घेण्याचे कारण असे की पुढची दांडी ज्या कण्यावर वळते तो मागे झुकलेला असतो, बहुतेक साध्या गाड्यांत साधारण २६ अंशांनी, आणि राइजर, म्हणजे हँडल उंच करण्यासाठी त्याच्याखाली बसवायचा ठोकळा, त्याच तिरप्या दिशेने बसतो. त्यामुळे ३० मिलिमीटरचा राइजर लावला की हँडल सुमारे २७ मिलिमीटर वर येते आणि त्याच वेळी सुमारे १३ मिलिमीटर आपल्याकडे सरकते. ज्यांचे हात लांब आहेत त्यांना हे मागे येणे नकोसे वाटू शकते, बहुतेकांना मात्र तेच हवे असते.

मोजमाप झाल्यावर लगेच बाजारात जाऊ नये. हँडल धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे चारही बोल्ट थोडे सैल करून हँडल आहे त्याच जागी फिरवले तर मागे वळलेल्या पाइपच्या हँडलमध्ये दहा-पंधरा मिलिमीटरचा फरक काहीही खर्च न करता मिळतो. मूळ जागेची खूण आधी करून ठेवावी. अनेक गाड्यांच्या हँडलवर कारखान्यानेच ठिपका मारलेला असतो. हँडल फिरवल्यावर क्लच आणि ब्रेकचे लिव्हरही फिरवून घ्यावेत, कारण बसल्या जागी कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ रेषेत राहिला पाहिजे. मनगट वर मोडलेले राहिले तर हँडल कितीही उंच केले तरी दुखणे जात नाही. माझ्या ओळखीतील दोघांचे काम एवढ्यावरच भागले.

त्याने भागले नाही तर दुसऱ्या मॉडेलचे उंच हँडल लावता येते. आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांचा हँडल पाइप २२ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणून तो क्लॅम्पमध्ये बसतो, परंतु स्विचच्या डब्यात आतून एक छोटी खुंटी असते आणि तिच्यासाठी पाइपला ठरावीक जागी छिद्र असते. नव्या हँडलला ते छिद्र नसेल तर काही ठिकाणी खुंटीच घासून टाकतात. तसे करू देऊ नये, कारण मग ॲक्सिलरेटरचा डबा हँडलवर गरगर फिरू शकतो. छिद्र योग्य जागी पाडून घेणे हाच मार्ग आहे. जुने हँडल मधोमध कापून वेल्डिंगने उंच करण्याचा प्रकार तर पूर्णपणे वर्ज्य समजावा. हँडल पाइपवर सतत थरथर आणि वाकवणारा ताण असतो, आणि वेल्डिंगच्या कडेला आलेली तडा रंगाखाली दिसत नाही.

राइजर घेताना आपल्या गाडीची रचना आधी पाहावी. पुढचे दोन्ही शॉकअप वरून जोडणाऱ्या ज्या भागाला गॅरेजमध्ये वरची ‘टी’ म्हणतात, तिच्यातच क्लॅम्पचा खालचा अर्धगोल ओतलेला आहे की तो वेगळा असून खालून बोल्टने कसलेला आहे, हे पाहिल्याशिवाय तुकडा मागवू नये. खालचा भाग वेगळा असेल तर त्याच्याखाली सपाट ठोकळा आणि लांब बोल्ट एवढे पुरते. तो टीमध्येच ओतलेला असेल तर ज्याचा तळ त्या खोबणीत हँडलसारखा बसतो आणि ज्याच्या वर स्वतःचा क्लॅम्प असतो, असाच राइजर लागतो. तालुक्याच्या लेथवर ॲल्युमिनियमचे ठोकळे करून घेता येतात, मात्र डावा आणि उजवा एकाच मापाचे हवेत; अर्ध्या मिलिमीटरचाही फरक असेल तर क्लॅम्प कसताना हँडल पिळवटते.

बोल्टविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझी चूक येथेच झाली होती. पहिल्यांदा मी एका गॅरेजमध्ये हँडल उंच करून घेतले, तेव्हा ठोकळ्याऐवजी एकावर एक वॉशर रचून जुनेच बोल्ट बसवले गेले आणि मीही ते पाहून घेतले नाही. पंधरा दिवसांनी नाल्याच्या रपट्यावर गाडी आदळली आणि हँडल माझ्या हातात पुढे फिरले. वेग कमी होता म्हणून पडलो नाही. घरी येऊन बोल्ट काढले, तर टीच्या ॲल्युमिनियममध्ये त्यांचे जेमतेम चार आटे गुंतलेले होते. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसत असेल तर त्याच्या जाडीच्या किमान दीडपट लांबी आट्यांत गेली पाहिजे, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी १२ मिलिमीटर. या बोल्टचा आटा बहुधा सव्वा मिलिमीटरचा असतो, म्हणून नुसत्या बोटांनी तो आतील आट्यांत दहा फेरे फिरला पाहिजे. याउलट बोल्ट फार लांब असेल तर छिद्राच्या तळाला टेकतो, पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि क्लॅम्प मात्र सैलच राहतो. डोक्यावर ८.८ ही खूण असलेलेच बोल्ट घ्यावेत आणि त्यांची लांबी मूळ बोल्टपेक्षा राइजरच्या जाडीइतकीच जास्त ठेवावी.

काम सुरू करताना चावी काढावी, पेट्रोलच्या टाकीवर जुनी गोधडी अंथरावी आणि केबल व वायरी कोठून कशा गेल्या आहेत याचे मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घ्यावेत. पुढचे चाक अधांतरी करून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवावे. मधोमध ते खटकन अडकत असेल तर हँडल वळते त्या कण्यातील वाट्या आणि गोळ्यांचा संच झिजलेला आहे, आणि तो आधी बदलावा. क्लॅम्पच्या वरच्या भागावर ठिपका किंवा बाण असेल तर तो पुढच्या बाजूला ठेवावा. अशा क्लॅम्पमध्ये सहसा पुढचे बोल्ट आधी पूर्ण कसतात आणि मग मागचे, त्यामुळे राहिलेली फट मागे येते. किती जोराने कसावे याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी तो बहुधा २० ते २५ न्यूटन मीटर असतो, आणि लांब दांडीच्या पान्याने अंगाचा जोर लावल्यास टीचे आटे सहज जातात.

यानंतरचे काम केबलचे आहे आणि खरा धोका तेथेच असतो. हँडल वर गेले म्हणजे ॲक्सिलरेटर, क्लच आणि पुढच्या ब्रेकची केबल तेवढीच ताणली जाते. २०-२५ मिलिमीटरपर्यंत केबलचा मार्ग थोडा सोडून आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या सैल करून निभावते, त्यापुढे लांब केबल घ्याव्या लागतात. मोकळ्या जागेत, गाडी न्यूट्रलमध्ये मधल्या स्टँडवर ठेवून इंजिन सुरू करावे आणि हँडल डावीकडे टोकापर्यंत, मग उजवीकडे टोकापर्यंत फिरवावे. एखाद्या बाजूला इंजिनचा आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जात आहे. अशी गाडी वळणावर स्वतःच वेग घेते, म्हणून ती तशी रस्त्यावर नेऊच नये. ग्रिप सोडल्यावर दोन्ही टोकांना ती आपोआप परत आली पाहिजे आणि तिच्यात २ ते ६ मिलिमीटर मोकळी हालचाल राहिली पाहिजे. क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर सैलपणा ठेवावा. तो नसेल तर क्लच प्लेटा अर्धवट सुटलेल्या राहतात, आणि मागे खताचे पोते घेऊन चढावर जाताना इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही.

पुढे डिस्क ब्रेक असेल तर होजकडे, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीकडे, विशेष लक्ष द्यावे. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीत होज हँडलवरून थेट चाकाजवळच्या कॅलिपरकडे जातो आणि दांडीबरोबरच वळतो, म्हणून तो शॉकअप पूर्ण लांब झालेले असताना तपासावा, म्हणजे पुढचे चाक उचलून. एबीएसच्या गाडीत तो आधी चौकटीवरच्या एबीएस युनिटकडे जातो, आणि हँडल वळले तरी चौकट जागेवरच राहते, त्यामुळे तेथे दोन्ही टोकांच्या वळणावर ताण पाहावा लागतो. होज कोठेही तारेसारखा ताठ होता कामा नये. होज बदलावा लागला तर हवा काढण्याचे काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करून घ्यावे आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, कारण ते रंग उतरवते. ब्रेक ऑइलची डबी हँडलबरोबर कलंडली असेल तर ती पुन्हा सपाट करून पातळी पाहावी.

वळवताना ग्रिप किंवा लिव्हर टाकीला लागत नाही ना, स्विचच्या वायरी वायझरच्या कडेला चेपत नाहीत ना, हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा चालतो ना, हेही पाहावे. आरसे नव्याने लावावे लागतातच. पहिली फेरी एकट्याने, ओझे न घेता, गावाजवळच्या रिकाम्या रस्त्यावर मारावी. मागे जड ओझे असले की पुढचे चाक आधीच हलके होते आणि उंच हँडलमुळे आपलाही भार मागे सरकतो, त्यामुळे ओझ्यासह वेग जरा कमी ठेवण्याची सवय करावी. दुधाची किटली किंवा पिशवी हँडलला लटकवणे आता बंदच करावे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणून ठोकळ्यापेक्षा मोठा बदल मनात असेल तर परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारून घ्यावे, आणि जुने हँडल, क्लॅम्प व बोल्ट एका पिशवीत जपून ठेवावेत.

काम झाल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून क्लॅम्पवर उतरणारी एक बारीक रेघ नेलपॉलिशने ओढून ठेवावी. पन्नास किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पान्याने पुन्हा तपासावेत आणि पुढे दर आठवड्याला गाडी पुसताना ती रेघ पाहावी. डोक्यावरची रेघ क्लॅम्पवरच्या रेघेपासून सरकलेली दिसली की बोल्ट सैल झाला आहे, आणि तो कसल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढू नये.