हिवाळ्यासाठी खारातल्या कैऱ्या

आमच्या खानदेशातल्या पारोळ्याकडे घरोघरी लोणची होतात, पण खारातल्या कैऱ्यांची बरणी आता मोजक्याच घरांत दिसते. याचं मला मनापासून वाईट वाटतं. लोणच्यात तेल-मसाला पुढे येतो आणि कैरी मागे राहते. नुसत्या मिठाच्या पाण्यात मुरलेली अख्खी कैरी मात्र मार्गशीर्षातही कैरीच लागते. थंडीत दाळीत एक फोड पडली की घरात वास दरवळतो, आणि झाडावर तर तेव्हा मोहोरसुद्धा धड आलेला नसतो.

तयारी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की करायची. कैरी गावरान, हिरवीगार, दगडासारखी टणक आणि दात आंबतील अशी हवी. तोतापुरी घेऊ नका, तिच्यात पुरेसा आंबटपणा नसतो, आणि खार टिकण्यात निम्मं काम त्या आंबटपणाचंच असतं. वाऱ्यावादळात खाली पडलेल्या कैऱ्या स्वस्त मिळतात, पण त्यांना आतून मार लागलेला असतो. त्या त्याच दिवशी चटणीला किंवा पन्ह्याला वापरा, बरणीत नकोत. एका आकाराच्या, मध्यम, देठ थोडा राखून उतरवलेल्या कैऱ्या निवडा. डाग, चीर किंवा दाबल्यावर मऊ लागणारी जागा दिसली तर ती कैरी सरळ बाजूला ठेवा.

उतरवून आणलेल्या कैऱ्या दोन-तीन तास गार पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे चीक निघतो. मग चोळून धुवा, फडक्याने एकेक पुसा आणि सावलीत सुती कापडावर पसरून कोरड्या होऊ द्या. उन्हात ठेवू नका. आपल्याकडच्या वैशाखाच्या उन्हात कैरी लगेच सुकते आणि साल चिवट होते.

आता मीठ. या कामात सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्या. ‘अंदाजाने मूठ-दोन मुठी’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, मीठ तोलून घ्या. माझं माप असं: दोन किलो कैरी, दोन लिटर पाणी, चारशे ग्रॅम खडे मीठ आणि पाच लिटरची बरणी. म्हणजे लिटरला दोनशे ग्रॅम. ऐकायला हे फार वाटतं, पण कैरीत स्वतःचं पाणी भरपूर असतं. मुरताना मीठ आत शिरतं, आतलं पाणी बाहेर येतं आणि शेवटी खाराचं प्रमाण उतरून दहा टक्क्यांच्या आसपास येतं. पहिल्यापासूनच शंभर ग्रॅम घातलं तर शेवटी पाचच टक्के उरतात. थंड मुलखात तेवढ्यावर भागेल, पण जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. एवढ्या उष्म्यात कमी मिठाची कैरी झपाट्याने आंबते आणि मऊ पडते. काही बायका पाण्यात बटाटा सोडून तो तरंगतो का ते बघतात. युक्ती जुनी आहे, पण एक बटाटा जड निघतो, एक हलका. घरात वजनकाटा असेल तर त्याच्यावरच भरवसा ठेवा.

मीठ खड्याचंच घ्या. बारीक पुडीतल्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून काही मिसळलेलं असतं, त्याने खार गढूळ होतो. खडे मीठ पाण्यात घालून उकळा आणि ते पूर्ण विरघळलं की खाली उतरवा. तळाशी थोडी माती बसते, म्हणून वरचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्या. मग खार पूर्ण गार होऊ द्या, अगदी रात्रभर राहिला तरी चालेल. कोमट खारही ओतायचा नाही. त्याने कैरी अर्धवट शिजते आणि तिचा कुरकुरीतपणा गेला तो गेलाच.

बरणी चिनी मातीची किंवा काचेची. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं यांना खार लागू देऊ नका. लोखंडी झाकणही नको, ते गंजून गंज आत पडतो. बरणी धुऊन उन्हात कडक वाळवा.

कैऱ्या भरताना देठ वर ठेवा आणि नेटक्या बसवा, पण ठोसून भरू नका. वरून खार ओता. चार बोटं जागा रिकामी ठेवा, कारण पहिल्या दिवसांत बुडबुडे येऊन पाणी वर चढतं. कैऱ्या हमखास वर तरंगतात. त्यांच्यावर बरणीच्या तोंडातून आत जाईल अशी काचेची किंवा चिनी मातीची छोटी बशी पालथी घाला आणि त्यावर घासून, उकळून घेतलेला नदीतला गुळगुळीत गोटा ठेवा. आमच्या सासूबाई बरणी भरून झाली की अजूनही वाकून बघतात आणि म्हणतात, “कैरी पानीमा बुडेलच पाह्यजे.” एवढं पाळलं तर बाकीचं बरणी सांभाळते. जे पाण्याबाहेर राहतं त्यालाच बुरशी धरते.

तोंडाला स्वच्छ पांढरं फडकं बांधा, वर झाकण सैल ठेवा आणि बरणी अंधाऱ्या, गार कोपऱ्यात ठेवून द्या. ज्यांचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर अजून उभं आहे त्यांना जागा शोधावी लागणार नाही. माजघरातला कोपरा भर उन्हाळ्यातही गार असतो. सिमेंटच्या घरात जमिनीलगत, गॅसपासून लांब ठेवा. बुडबुडे थांबले की झाकण घट्ट लावा.

पहिला महिनाभर दर दोन-चार दिवसांनी बघत जा. वर पांढरी, पातळ, सपाट साय दिसली तर घाबरू नका, ती कोरड्या चमच्याने काढून टाका आणि गोटा-बशी धुऊन, उकळून परत ठेवा. पण काळी, हिरवी किंवा गुलाबी लव आली, खाराला कुजकट वास आला किंवा कैरी बोटाने दाबल्यावर लिबलिबीत लागली, तर बरणी रिकामी करा. वरचं काढून खालचं वापरू असा मोह नको. खार कमी झाला तर त्याच मापाचा नवा, उकळून गार केलेला खार घाला, साधं पाणी नाही. हिरवा रंग जाऊन कैरी पिवळसर-शेवाळी होते. तो मुरल्याचा रंग आहे.

भोकरं मिळाली तर त्याच बरणीत घाला. दगडाने हलकेच फोडायची आणि मिठात बुडवलेल्या काडीने बी काढायची. चीक मिठाला चिकटून बाहेर येतो.

महिन्याभरात कैरी खायला होते, पण मी दिवाळीपर्यंत बरणीला हात लावू देत नाही. काढताना कोरडी लाकडी पळी वापरा. हवी तेवढी कैरी साध्या पाण्यात तास-दोन तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. मग चाखून बघा आणि त्यानंतरच भाजीत मीठ घाला. रक्तदाबाच्या माणसांना ती बेतानेच वाढा.

मला ती सगळ्यात जास्त आवडते घोळाण्यात. हरभऱ्याचा कोवळा पाला, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याचा कूट आणि लिंबाऐवजी खारातली कैरी बारीक चिरून. मुगाच्या दाळीत फोडणीनंतर दोन फोडी टाकून एक उकळी पुरते. कैरी, भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि मिरची खलबत्त्यात ठेचून केलेली चटणी कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर वाढा, पाहुणे परत मागतात. भरितात मात्र ती घालू नका. तुरकाठ्यांवर भाजलेल्या वांग्याची चव आंबटाखाली दबते. ताटात शेजारी एक फोड असली की झालं.

बरणीतल्या कैऱ्या संपल्या आणि खार स्वच्छ, चांगल्या वासाचा असला, तर त्यात हिरव्या मिरच्या चिरा देऊन टाका. चार-पाच दिवसांत त्या आंबट-खारट होतात, आणि आठवड्याभरात खाऊन संपवायच्या. त्यानंतर तो खार फेकून द्या. नव्या कैऱ्यांना नवाच खार करा.