भातकापणीच्या दिवसांत धामण ओळखताना

कोकणात हळवे भात सप्टेंबरच्या अखेरीस कापणीला येते आणि गरवे भात त्यानंतरही काही आठवडे उभे राहते. दाणा भरत आला की शेतातील उंदीर बांधांत नवी बिळे करतात, लोंब्या तोडून बिळात साठवतात, आणि त्यांच्या मागावर धामण बांधावर, गडग्यात, पुढे उडवीखाली (पेंढ्यांच्या राशीखाली) व मांगरात (शेतातील खोपीत) दिसू लागते. ती पूर्णपणे बिनविषारी आहे. तरीही कापणीच्या घाईत नाग समजून तिच्यावर काठी पडते, म्हणून विळा बाहेर काढण्यापूर्वी तिची ओळख घरातील सर्वांनी नीट करून घ्यावी.

रंगावर विसंबू नये. धामण पिवळसर, मातकट, हिरवट किंवा जवळजवळ काळी असू शकते आणि नागही मातकट ते काळा अशा अनेक छटांत आढळतो. खरी खूण तोंडावर असते: धामणीच्या ओठांच्या खवल्यांच्या कडा काळ्या असल्यामुळे, कोणी ओठांवर उभे टाके घालावेत तशा रेघा दिसतात. या रेघा पाहण्यासाठी जवळ जाण्याची गरज नाही. दोन-तीन मीटर लांब उभे राहून मोबाईलच्या कॅमेऱ्याने चित्र मोठे केले तरी त्या कळतात. नागाच्या ओठांवर अशी रेघांची रांग नसते, त्याच्या डोळ्याखाली एखादा गडद डाग असतो. धामणीची मान डोक्यापेक्षा स्पष्टपणे बारीक, डोळे मोठे आणि बाहुली गोल असते, तर नागाचे डोके मानेत मिसळल्यासारखे दिसते. शरीराच्या मागच्या भागावर व शेपटीवर धामणीला काळे आडवे पट्टे असतात. तिची लांबी बहुधा दोन मीटरच्या आसपास भरते आणि क्वचित तीन मीटरच्या पुढेही जाते.

कोंडीत सापडलेली धामण गळा फुगवते आणि घुमल्यासारखा खोल आवाज काढते, तेव्हा भल्याभल्यांची फसगत होते. फरक इतकाच लक्षात ठेवावा की तिची मान दोन्ही बाजूंनी दबून वरून खाली उभी फुगते, नागाचा फणा मात्र आडवा पसरतो व त्यावर जुनी माणसे ज्याला दहाचा आकडा म्हणतात ती खूण असते. फणा काढलेला नसेल तर ही खूण दिसत नाही. अशा वेळी शंका राहिली तर साप विषारीच आहे असे धरून मागे सरावे. धामण ही नागाची मादी असते, हा समज निराधार आहे. दोन्ही जाती वेगळ्या असून दोहोंत नर व मादी असतात. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हेही खरे नाही, कारण आत वळलेल्या सुईसारख्या दातांनी तिला दूध ओढता येत नाही. गोठ्यात ती येते ती उंदरांसाठी, आणि संधी मिळाल्यास कोंबडीची पिल्लेही उचलते, हे मान्य करायला हवे.

घरात व मांगरात उंदरांमागे येणारा दुसरा बिनविषारी साप म्हणजे तस्कर. तो बारीक, तपकिरी असतो, त्याच्या शरीराच्या मागच्या भागावर दोन गडद रेघा लांबीला समांतर जातात, आणि डिवचल्यास तो मान नागमोडी वळवून अंगावर येतो. याउलट कातळावरचे फुरसे विषारी, आखूड, खरखरीत खवल्यांचे असते व अंग अंगावर घासून करवतीसारखा आवाज करते. त्याच्या बाबतीत घाई नको.

मोबाईलवर ‘रॅट स्नेक’ असे शोधून समोरच्या सापाशी चित्र जुळवू नये. हे नाव जगभर अनेक वेगळ्या सापांना दिले जाते. उत्तर अमेरिकेतील काळा रॅट स्नेक झाडावर सराईतपणे चढतो व भक्ष्याला विळख्याने आवळून मारतो. त्याच गटातील तांबूस ‘कॉर्न स्नेक’ लोक हौसेने पाळतात. युरोपातील एस्क्युलेपियन साप सडपातळ व तपकिरी असतो, तर जपानच्या इवाकुनी परिसरातील रॅट स्नेक पांढराशुभ्र असतो. आपली धामण यांच्यापैकी कोणासारखीही दिसत नाही आणि भक्ष्याला विळखा घालून मारतही नाही. ती त्याला अंगाच्या भाराने जमिनीवर दाबून धरते व गिळते. विळख्याची सवय पाहिली तर आपला तस्करच त्या परदेशी मंडळींना जवळचा.

भातानंतर वाल, चवळी व भाजीपाल्याभोवती आपण जुनी मासेमारीची जाळी लावतो. जमिनीवर ढिली पडलेली जाळी धामणीसाठी सापळा ठरते, कारण पुढे सरकताना दोरा खवल्यांखाली रुतत जातो व मागे फिरता येत नाही. जाळी ताणून बांधावी, उरलेले तुकडे गुंडाळून मांगरात टांगावेत आणि रोज सकाळी एक फेरी मारावी. अडकलेला साप ओढून काढू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या सर्पमित्राला कळवावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार धामणीला मारणे हा गुन्हा आहे. ब्रोमॅडिओलोनसारखे विष वापरलेच, तर मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत, कारण ते खाणाऱ्या घुबडापर्यंत व सापापर्यंत विष पोचू शकते.

कापणी करताना गमबूट घालावेत, पेंढ्या उचलण्यापूर्वी काठीने हलवाव्यात आणि उडवी घरापासून लांब रचावी. साप चावल्यास तो धामणच होता असे गृहीत धरून घरी थांबू नये. आवळून बांधणे, चिरा देणे, साप पकडून नेणे हे सर्व टाळून, चावलेला भाग स्थिर ठेवून रुग्णाला थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. लांबून काढलेला फोटो असेल तर तो डॉक्टरांना दाखवावा.