उन्हाळ्यात मध्ये फुगणारी ॲक्रिलिक प्रिंट: माझा अनुभव

चित्रकार जोसेफ आल्बर्स यांनी १९५० पासून रंगवलेल्या, एकात एक बसवलेल्या चौकोनांच्या मालिकेतील चित्राची मीटरभर रुंद ॲक्रिलिक प्रिंट (कडक प्लास्टिकच्या पत्र्यावरचे छापील चित्र) कोथरूडमधील आमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर दुपारी मध्ये फुगत असे आणि चौकोनांच्या कडा वाकड्या दिसत. असल्या चित्रात मग उरते काय? स्क्रू आवळूनही फुगवटा वाढलाच.

तापमान १० अंशांनी वाढले की ॲक्रिलिक मीटरमागे सुमारे ०.७ मिमी प्रसरण पावते, आणि घट्ट आवळलेल्या स्टँडऑफमध्ये (प्रिंट भिंतीपासून थोडी पुढे धरणाऱ्या, टोपीच्या खुंट्यांमध्ये) त्याला सरकायला जागा उरत नाही. म्हणून प्रिंट उतरवून लाकडी फळीवर क्लॅम्पने पक्की धरली, स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारे ड्रिलचे पाते) मंद वेगाने चालवून चारही भोके ६ मिमीवरून ९ मिमी केली, ॲक्रिलिकच्या दोन्ही बाजूंना भोकापेक्षा मोठे नायलॉनचे वॉशर घातले आणि स्टँडऑफच्या टोप्या हाताने टेकेपर्यंत फिरवून पाव फेरा सैल सोडल्या. आता भर मे महिन्यातही कडा सरळ राहतात.