केपटाऊनच्या वॉटरफ्रंटवर जाताय? या चुका टाळा

वॉटरफ्रंट म्हणजे केपटाऊनच्या जुन्या बंदराचा, आता दुकानांनी गजबजलेला भाग. आमची सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. रॉबेन आयलंड हे समोरचं तुरुंगाचं बेट आम्ही मुद्दाम शेवटच्या दिवशी ठेवलं, शेवट गोड व्हावा म्हणून. सकाळी धक्क्यावर पोहोचलो तर वाऱ्यामुळे बोटीच्या त्या दिवशीच्या सगळ्या फेऱ्या रद्द. तिकिटाचे पैसे परत मिळाले, पण रात्री परतीचं विमान होतं. नेल्सन मंडेलांनी २७ वर्षांच्या तुरुंगवासातली १८ वर्षं जिथे काढली, ते बेट काठावरूनच बघून निघालो.

तेव्हा बेट पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उरका. फेरी बुडाली तरी हाताशी दिवस राहतात. तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि जाऊन-येऊन चार तास धरा. बोट, बेटावरची बस आणि तुरुंग सगळं त्यात येतं. बोट सुटते ती लाल घड्याळ-मनोऱ्याजवळून. तिकडे जायचा पायपूल बोट आली की बाजूला फिरतो आणि माणसं अलीकडे ताटकळत राहतात. अर्धा तास हातचा ठेवा.

वाऱ्याचा अंदाज घ्यायला शहरामागच्या टेबल माउंटन डोंगराकडे बघायचं. सपाट माथ्यावरून ढगाची पांढरी चादर खाली लोंबत असेल तर आग्नेयेचा वारा सुटलाय. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या थंडीच्या महिन्यांत, तो सारखा येतो. शहरातली घाण हवा उडवून नेतो म्हणून लोक त्याला 'केप डॉक्टर' म्हणतात. बोट बंद म्हणून 'चला, डोंगरावर जाऊ' असं ठरवाल तर तिथेही फजिती होते, कारण जोराच्या वाऱ्यात केबल कारही थांबवतात. डिसेंबरात ऊन कडक असलं तरी विंडचीटर बॅगेत हवाच. समुद्राचं पाणी तर बारा महिने गार.

अशा वादळी दिवशी बहुतेक जण मॉलमध्ये शिरतात आणि तिथेच संध्याकाळ करतात. तीच दुकानं आपल्याकडे आहेत की! त्यापेक्षा धान्याच्या जुन्या कोठारात जा. १९२० च्या दशकात बांधलेलं हे कोठार निर्यातीचा मका साठवायला होतं. त्यातल्या ४२ उभ्या काँक्रीटच्या नळकांड्या आतून कापून, मक्याच्या दाण्याच्या आकाराची पोकळी कोरून, ब्रिटिश डिझायनर थॉमस हेदरविकने २०१७ मध्ये त्याचं आफ्रिकी समकालीन कलेचं संग्रहालय केलं. चित्रांत रस नसला तरी त्या पोकळीत उभं राहून वर बघायला जाच.

नावाचा घोळही नेहमीचा. वॉटरफ्रंटचं पूर्ण नाव 'व्ही अँड ए वॉटरफ्रंट'. त्यातला व्ही म्हणजे राणी व्हिक्टोरिया, पण ए म्हणजे तिचा नवरा अल्बर्ट नव्हे, तिचा मुलगा आल्फ्रेड. हिवाळी वादळांत या उपसागरात जहाजं फुटत, म्हणून लाटा अडवायला बांध घातला. त्याचा पहिला दगड १८६० मध्ये सोळा वर्षांच्या आल्फ्रेडच्या हस्ते पडला. पुढचे दगड कैद्यांनी वाहिले. मोठी जहाजं नव्या गोदीत गेल्यावर हा भाग ओस पडला आणि १९८८ नंतर त्याचं रूप पालटलं. पण पाणी उपसून बोट कोरडी करतात त्या सुक्या गोदीत अजूनही बोटींची डागडुजी चालते. मला तरी दुकानांपेक्षा ती बघत बसायला जास्त आवडलं.

आपल्यासाठी आणखी एक धागा आहे. गोपाळ कृष्ण गोखले २२ ऑक्टोबर १९१२ ला केपटाऊनच्याच बंदरात उतरले, गांधीजी त्यांना घ्यायला आले होते. जुलै १९१४ मध्ये गांधीजींनी दक्षिण आफ्रिका कायमची सोडली तीही इथूनच.

वॉटरफ्रंटवरच्या मत्स्यालयाच्या 'टू ओशन्स' नावावरून अटलांटिक आणि हिंदी हे दोन महासागर इथेच मिळतात असं मुलांना सांगू नका. त्यांची मानलेली सीमा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप अगुल्हासला आहे, इथून बरीच दूर.

धक्क्यावर पहुडलेले सील गोंडस दिसतात, पण फोटो लांबूनच. २०२४ मध्ये तिथल्या सीलमध्ये रेबीज सापडला आहे. कोणाला चावलाच, तर जखम साबण-पाण्याने खळखळून धुवा आणि थेट डॉक्टरकडे.

वॉटरफ्रंटवर रात्री निर्धास्त फिरता येतं, म्हणून हॉटेलपर्यंतही चालत जाऊ असं मात्र नको. टॅक्सी ॲपवरूनच बोलवा, आणि फोनवर तेवढं चार्जिंग राहू द्या. तिकडचं जुनं सॉकेट आपल्या गीझरच्या जाड तीन पिनांचं असतं. आमचा महागडा 'जगभर चालणारा' ॲडॅप्टर तिथे बसलाच नाही. दादरहून घेतलेला साधा कन्व्हर्टर बसला.